‘प्लानेतेस’ : अंतराळातला कचरा आणि तो वेचणारी माणसे

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भातल्या अनेक गावांतून लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या ठिपक्यांची रांग पाहिली. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. चीनच्या ‘चांग झेंग ३ बी’ या अग्निबाणाच्या वापरून झालेल्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत पडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

पुढे काही महिन्यांनी एका शाळेत कृत्रिम उपग्रहांवर बोलायला गेलो असता नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, हे वर असतानाच कुणी उचलून का घेत नाही?” मी खर्च, इंधन वगैरे मोघम उत्तर दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. घरी आल्यावर हा प्रसंग भाच्याला सांगितला, तर तो म्हणाला, “मामा, कचरा उचलणाऱ्यांवरच एक अख्खी जपानी मालिका आहे. बघ एकदा.” जपानी चित्रमालिका म्हणजे मोठ्या डोळ्यांची मुले आणि स्फोट करणारे यंत्रमानव, अशी माझी समजूत होती. ती बऱ्याच अंशी चुकीची ठरली. मालिका संपवायला मला दोन महिने लागले. आवडली, पण ज्या मुद्द्यावर तिने सर्वांत जास्त मेहनत घेतली आहे, नेमक्या त्याच मुद्द्यावर ती पाहणाऱ्याची दिशाभूल करते असेही वाटले. म्हणून हा लेख.

मालिकेचे नाव ‘प्लानेतेस’. हा ग्रीक शब्द. अर्थ ‘भटके’. ग्रहांना इंग्रजीत जे नाव आहे, ते याच शब्दावरून आले. मूळ चित्रकथा मकोतो युकिमुरा यांची, १९९९ ते २००४ या काळात प्रसिद्ध झालेली. तिच्यावरून गोरो तानिगुची यांच्या दिग्दर्शनाखाली सव्वीस भागांची मालिका झाली आणि ती ऑक्टोबर २००३ ते एप्रिल २००४ या काळात जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून दाखवली गेली. जपानमध्ये विज्ञानकथांना दिला जाणारा ‘सेइउन’ पुरस्कार चित्रकथेला २००२ मध्ये आणि मालिकेला २००५ मध्ये मिळाला.

काळ आहे २०७५. चंद्रावर वस्ती झाली आहे, पृथ्वीभोवती मोठे स्थानक फिरते आहे, आणि निकामी उपग्रह, अग्निबाणांचे टप्पे, सुटलेले स्क्रू असा कचरा कक्षेत साचला आहे. एका बड्या कंपनीत हा कचरा गोळा करणारा एक विभाग आहे. त्यातून नफा नाही. कायद्याने करावे लागते म्हणून कंपनी तो चालवते. माणसे पुरेशी नाहीत, यान जुनाट. बाकीचे कर्मचारी त्यांना हिणवतात. हाचिमाकी हा तरुण, नव्याने दाखल झालेली आइ तानाबे, यान चालवणारी आणि सिगारेटसाठी जीव टाकणारी फी, अबोल युरी, ही त्यातली मुख्य माणसे. अंतराळात जाऊनही यांना रजेचे अर्ज भरावे लागतात, विमा उतरवावा लागतो, साहेबांची बोलणी खावी लागतात. विज्ञानकथेतला नायक बहुधा सेनापती असतो किंवा शास्त्रज्ञ. इथे तो सफाई कामगार आहे, आणि लेखकाने त्याला शेवटपर्यंत सफाई कामगारच राहू दिले असते तर मला अधिक आवडले असते.

आधी जमेच्या बाजूबद्दल. यानाच्या बाहेरची दृश्ये बहुतांशी निःशब्द आहेत. इंजिन पेटते, वस्तू आदळतात, पण आवाज येत नाही. येतो तो पोशाखाच्या आतला श्वास आणि रेडिओवरचे बोलणे. ध्वनीला माध्यम लागते हे आपण सातवी-आठवीत काचेच्या हंडीत घंटा ठेवून शिकवतो, आणि त्याच संध्याकाळी मुले चित्रपटात अंतराळातला गडगडाट ऐकतात. इथे निदान तसे होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. कचऱ्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो असे मालिका सांगते आणि त्याच वेळी हाचिमाकी एखादा तुकडा अलगद हाताने पकडताना दाखवते. विद्यार्थ्यांना हे विसंगत वाटेल. पण यान त्याच कक्षेत, त्याच दिशेने, त्याच वेगाने जात असेल तर दोघांचा सापेक्ष वेग जवळजवळ शून्य असतो. शेजारून धावणाऱ्या लोकलमधला प्रवासी आपल्याला स्थिर दिसतो, तसेच हे. सापेक्ष वेगाचे इतके बोलके उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही.

आणि तोच तुकडा वेगळ्या कक्षेतून आडवा आला तर? तिथे युरीची गोष्ट सुरू होते. युरी आणि त्याची पत्नी प्रवासी यानातून जात असताना एक लहानसा स्क्रू खिडकीवर आदळतो. पत्नी जाते. मूळ चित्रकथेची सुरुवात याच प्रसंगाने होते. मालिकेत तो दहाव्या भागात येतो. एका स्क्रूने यान फुटते हे अतिशयोक्त वाटत असेल तर फळ्यावर हिशेब मांडून पाहावा. १ ग्रॅम वस्तुमान, १० किलोमीटर प्रति सेकंद सापेक्ष वेग. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. उत्तर येते ५०,००० ज्यूल. एक टन वजनाची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने धडकते तेव्हा तिची गतिज ऊर्जाही बरोबर ५०,००० ज्यूलच असते. स्क्रू १० ग्रॅमचा असेल तर मोटारीच्या जागी दहा टनांची भरलेली एस.टी. घ्यावी. फरक एवढाच, की एस.टी.ची ऊर्जा भिंतीच्या मोठ्या भागावर पसरते आणि स्क्रूची ऊर्जा नखाएवढ्या जागेत उतरते. हे केवळ कल्पनेतले नाही. १९८३ साली ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या खिडकीला रंगाचा एक बारीक टवका लागला, काचेत खड्डा पडला, आणि यान परतल्यावर ती काच बदलावी लागली.

युरी कचरा विभागात काम करतो ते पत्नीचे होकायंत्र शोधण्यासाठी, आणि काही वर्षांनी ते त्याला सापडते. हा भाग मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा डोळे भरून आले आणि दोन्ही वेळा मनातला हिशेबनीस गप्प बसला नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून २०० ते २,००० किलोमीटर उंचीपर्यंतच्या कवचाचे घनफळ काढले तर ते सुमारे १.२७ लाख कोटी घन किलोमीटर भरते. त्यात मुठीएवढी एक वस्तू, तीही योगायोगाने, त्याच माणसाला सापडणे! शिवाय अपघात कमी उंचीवर झाला असेल तर होकायंत्र मुळात उरणारच नाही. २०० किलोमीटर उंचीवरची वस्तू विरळ हवेच्या घर्षणाने काही दिवसांत खाली येते; ४०० किलोमीटरवर वर्ष-दोन वर्षे टिकते; ८०० किलोमीटरवर शतकभर किंवा अधिक; आणि १,००० किलोमीटरच्या वर हजारो वर्षे. ही उतरंड मालिकेत कुठेच स्पष्ट होत नाही, आणि कचऱ्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर तीच सर्वांत महत्त्वाची. खालचा कचरा निसर्ग स्वतः झाडतो. वरचा झाडत नाही.

(जाता जाता : होकायंत्र अंतराळात चालेल का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जमिनीवरच्या सुमारे ८३ टक्के असते, तेव्हा सुई नक्कीच वळेल. पण तिथे ‘आडवे’ म्हणजे काय हे ठरवणारे वजनच जाणवत नाही, त्यामुळे मोकळी टांगलेली सुई क्षेत्राच्या दिशेने खाली-वरही कलेल.)

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. वर असतानाच उचलून का घेत नाहीत?

मालिकेत यान निघते, एक तुकडा उचलते, दुसऱ्याकडे वळते, संध्याकाळी घरी येते. पाहणाऱ्याच्या मनात पालिकेची कचरागाडी उभी राहते : या गल्लीतून त्या गल्लीत. पण कक्षा म्हणजे गल्ली नव्हे. प्रत्येक तुकड्याची कक्षा पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या एका प्रतलात असते आणि ही प्रतले एकमेकांशी वेगवेगळे कोन करतात. एका प्रतलातून दुसऱ्यात जायचे तर वेगाची दिशा बदलावी लागते, आणि ७.५ किलोमीटर प्रति सेकंद वेगाची दिशा बदलणे फार महाग पडते. वेगातला आवश्यक बदल म्हणजे वेगाची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाची ज्या. कोन अवघा १० अंश असला तरी उत्तर १.३ किलोमीटर प्रति सेकंद येते. कोन ६० अंश असेल तर बदल बरोबर ७.५ किलोमीटर प्रति सेकंद, म्हणजे मूळ वेगाइतकाच. दहावीच्या विद्यार्थ्याला हे सूत्रही नको. दोन समान बाजू आणि त्यांतला ६० अंशांचा कोन काढला की तिसरी बाजू तेवढीच येते, हे तो मोजपट्टीने दाखवील.

इंधनाच्या भाषेत सांगायचे तर, इंजिनातून वायू ३ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडत असतील, तर १० अंशांच्या वळणासाठी यानाच्या एकूण वस्तुमानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग इंधन म्हणून जाळावा लागतो. ६० अंशांसाठी बारा भागांपैकी अकरा भाग. म्हणजे एक जुना उपग्रह उचलून दुसऱ्याकडे वळायचे, तर जवळजवळ नवे यान पाठवण्याइतका खर्च. २०७५ साली इंजिने सुधारलेली असतील, हे मान्य. संलयनावर चालणारे इंजिन मालिकेत आहेच, पण ते गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या ‘फॉन ब्राउन’ या महायानासाठी. कचरा विभागाचे डबडे जुन्याच पद्धतीवर चालते. त्याला प्रतले अशी सहज ओलांडता येणार नाहीत. निर्वातातल्या शांततेची इतकी काळजी घेणाऱ्या मंडळींनी भूमितीची का घेतली नाही, याचे आश्चर्य वाटते. की घेतली असती तर कथाच उभी राहिली नसती? शक्य आहे. रोज नवा तुकडा हवा, तर रोजची फेरी हवी.

प्रत्यक्षात हे काम किती सावकाश चालते याचे उदाहरण जपानचेच आहे. अ‍ॅस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचा ‘अ‍ॅड्रास-जे’ हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला. त्याचे काम एकच : कक्षेत पडून असलेल्या एका जपानी अग्निबाणाच्या टप्प्याजवळ जाऊन त्याची पाहणी करणे. काही महिन्यांनी तो त्याच्यापासून सुमारे १५ मीटरवर पोचला. उचलणे नाही, ओढणे नाही; नुसते जवळ जाऊन पाहणे, आणि तेही त्या क्षेत्रातले मोठे यश मानले गेले. त्या मुलीला मी हे उत्तर द्यायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ साली एका निबंधात मांडले, की कक्षेतल्या वस्तूंची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांच्या टकरींतून होणारे तुकडेच पुढच्या टकरींना कारण होतील, आणि नवे काही सोडले नाही तरी कचरा वाढत राहील. यालाच पुढे केसलर यांचे नाव मिळाले. मालिकेच्या बाराव्या भागात ही कल्पना येते. अंतराळ मोहिमांना विरोध करणारी एक दहशतवादी संघटना एक उपग्रह स्थानकावर आदळवून ही साखळी सुरू करण्याचा घाट घालते. फी आपले यान त्या उपग्रहावर घालून त्याला वातावरणात लोटते आणि संकट टळते. प्रसंग रंगतदार आहे. फीला शांतपणे एक सिगारेट ओढायची असते आणि दहशतवादी नेमक्या धूम्रपानाच्या खोल्याच उडवत असतात, हा विनोदही झकास जमला आहे. पण विज्ञान मात्र बिघडले. केसलर यांनी वर्णन केलेली साखळी ही स्फोटासारखी नसून वाळवीसारखी आहे. ती तासांत नव्हे, दशकांत आणि शतकांत चालते. तिला कळ दाबणारा खलनायक लागत नाही. २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’ या चित्रपटाने दीड तासात सगळे आकाश फोडून दाखवल्यावर तर हा गैरसमज पक्काच झाला.

खरी घटना कशी असते पाहा. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, अमेरिकेचा चालू असलेला ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा बंद पडलेला ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. कुणाचा कट नव्हता. दोघेही आपापल्या कक्षेत, न्यूटनच्या नियमांनी जात होते. माग ठेवता येईल एवढे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले, आणि त्यांतले कित्येक अजून फिरत आहेत. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार एक सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे आता बारा लाखांहून अधिक असावेत.

ज्यांनी जाणूनबुजून भर घातली तेही दहशतवादी नव्हते. ती सरकारे होती. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी आपलाच एक हवामान-उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. तीन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. रशियाने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच केले. आपणही यातून सुटलेलो नाही. २७ मार्च २०१९ च्या आपल्या चाचणीत उपग्रह मुद्दाम ३०० किलोमीटरच्या आतबाहेर ठेवला होता, त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळाले, ही सावधगिरी खरीच. पण धडकेने काही तुकडे वरच्या, लांबट कक्षांत फेकले गेले आणि त्यांना यायला अधिक वेळ लागला. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्हीचा काम संपलेला चौथा टप्पा कक्षेत फुटला, त्याचेही तीनशेहून अधिक तुकडे नोंदले गेले. त्यानंतर इस्रोने उरलेले इंधन बाहेर सोडून टप्पे निर्धोक करण्याची पद्धत सुरू केली. साहसाचा लवलेश नसलेली ही खबरदारी मला फीच्या उडीपेक्षा मोठी वाटते, पण तिच्यावर भाग निघणार नाही, हेही कळते. मूळ चित्रकथेच्या शेवटच्या खंडात युद्धातून निर्माण होणाऱ्या कचऱ्याचा विषय आहे. मालिकेने तो घेतला नाही. त्याऐवजी उत्तरार्धाचा मोठा भाग दहशतवादी, अपहरण आणि पिस्तुले यांनी व्यापला आहे. प्रश्न सगळ्यांचा असतो तेव्हा एक गुन्हेगार शोधून काढणे कथाकाराला सोयीचे असते. आपल्या गावच्या नदीच्या बाबतीतही आपण हेच करतो.

हेलियमच्या बाबतीतही असाच सैलपणा आहे. चंद्रावरचे हेलियम-३ आणि पुढे गुरूवरचे साठे मिळवून माणसाचा ऊर्जेचा प्रश्न सुटणार, हे मालिका जवळजवळ गृहीत धरते. चंद्राच्या मातीत हेलियम-३ अब्जात काही भाग इतकेच आहे. गुरूवर ते पुष्कळ, पण गुरूचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर, पृथ्वीच्या पाचपटीहून अधिक. वर काढायला लागणारी ऊर्जा कोण मोजणार? महायानाला वेर्नर फॉन ब्राउनचे नाव दिले आहे, ते मात्र विचार करून दिले असावे. ज्याच्या व्ही-२ अग्निबाणांच्या कारखान्यात छळछावणीतले कैदी राबून मेले, त्याच माणसाने पुढे चंद्रावर जाणारा अग्निबाण घडवला. मोहिमेचा प्रमुख लॉकस्मिथ याचे पहिले नावही वेर्नर. माणसे गेली तरी यान पुढे गेले पाहिजे, असे मानणाऱ्या या गृहस्थाला मालिका शिक्षाही करत नाही आणि माफही करत नाही. मला हे प्रामाणिक वाटले.

माणसांच्या बाबतीत मालिका एकंदर विज्ञानाहून भक्कम आहे, सरसकट नव्हे. विभागाचा उपप्रमुख अरविंद लावी. नाव आपल्या ओळखीचे, म्हणून मी सावरून बसलो, तर पात्र निव्वळ विदूषकाचे निघाले. तानाबे दर दुसऱ्या भागात प्रेमावर व्याख्यान देते, तेही थोडे कमी चालले असते. पण सातव्या भागातली नोनो विसरता येत नाही. चंद्रावरच जन्मलेली ही बारा वर्षांची मुलगी कमी गुरुत्वामुळे प्रौढ बाईइतकी उंच झाली आहे, आणि पृथ्वीवर कधीच राहू शकणार नाही. चंद्रावरची धुळीची विस्तीर्ण मैदाने हाच तिचा समुद्र. एक षष्ठांश गुरुत्वात मूल कसे वाढेल, याचा पुरावा आज कुणाकडेही नाही. अंतराळ स्थानकावर मणक्यांमधल्या चकत्या सैल होऊन अंतराळवीरांची उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि हाडांतली खनिजे महिन्याला एक टक्का किंवा अधिक कमी होतात, एवढे मोजलेले आहे. लेखकाने त्यावरून उडी मारली आहे, पण ती योग्य दिशेने. हाचिमाकीच्या गुरूला प्रारणामुळे झालेला कर्करोगही असाच, कुठलाही गाजावाजा न करता येतो. जमिनीवर वर्षभरात जेवढे प्रारण आपल्याला मिळते, तेवढे स्थानकावर पाच-सहा दिवसांत मिळते, हे माहीत असले की ते दृश्य वेगळेच दिसते.

आणि अकरावा भाग. एल तानिका या कल्पित गरीब देशातला तेमारा नावाचा एक अभियंता स्वतःच्या लहानशा कारखान्यात बनवलेला अंतराळ-पोशाख घेऊन कंपनीच्या दारात येतो. मोठ्या साहेबांना त्याच्याकडे पाहायलाही वेळ नाही. कचरा विभागाची माणसे त्याचा पोशाख घालून चाचणी घेतात, आणि तो उत्तम ठरतो. पण तेवढ्यात त्याच्या देशावर बलाढ्य राष्ट्रांच्या फौजा चालून जातात आणि विषयच संपतो. वरून पृथ्वीकडे पाहिले की सीमारेषा दिसत नाहीत, हे वाक्य अंतराळवीरांच्या तोंडून आपण नेहमी ऐकतो. या भागात ते ज्याच्या वाट्याला येते, त्याला त्या न दिसणाऱ्या रेषेनेच अडवलेले असते. थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला तेव्हा आपल्या मंडळींनी एका चर्चच्या इमारतीत कचेरी थाटली होती आणि सामान सायकलवरून नेले होते. आता आपण उपग्रह सोडणाऱ्यांच्या पंगतीत बसलो आहोत. तेमाराच्या जागेवरून पंगतीत आलेल्यांनी हा भाग पाहावा, असे मला वाटते.

एका गोष्टीचा दोष मालिकेला देता येणार नाही. २०१९ पासून एकेका कंपनीने हजारो उपग्रह कक्षेत सोडायला सुरुवात केली, आणि चालू उपग्रहांची संख्याच आता दहा हजारांवर गेली आहे. २००३ साली हे कुणाला सुचले असते? तिच्या २०७५ मध्ये गर्दी आहे, पण ती मेलेल्या यंत्रांची. आजची गर्दी जिवंत यंत्रांची आहे.

ज्या शिक्षकांना वर्गात दाखवायची असेल त्यांनी दहावा आणि अकरावा हे दोनच भाग घ्यावेत. मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावी लागते, तेव्हा आधी गोष्ट चार वाक्यांत मराठीत सांगितलेली बरी. दहाव्या भागाआधी स्क्रूच्या ऊर्जेचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे, उत्तर सांगू नये. भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. तासिकेत उरलेल्या वेळात फळ्यावर पृथ्वीभोवती दोन कलती वर्तुळे काढावीत, एकावर यान आणि दुसऱ्यावर होकायंत्र ठेवावे, आणि इथून तिथे कसे जाल, असे विचारावे. मी एका वर्गात विचारले, तेव्हा पहिले उत्तर आले, “सर, दोन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे थांबायचे.” थांबले तर काय होईल, यावर पुढची दहा मिनिटे गेली.